‘घरगुती लेथ’बद्दल थोडंसं

मागच्या लेखावर ‘एक जुना नेमबाज’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: माझ्या पीसीपी एअरगनचा, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीचा, व्हॉल्व्ह मी घरच्या लेथवर स्वतः बनवून बसवला आणि छऱ्याचा वेग सेकंदाला १६५ मीटरवरून १९५ वर गेला, असं मी लिहिलं होतं. त्यावर नेमबाजसाहेबांचं म्हणणं असं: "व्हॉल्व्हबरोबर हॅमरची स्प्रिंगही बदललीत, मग वेग नक्की कशाने वाढला? पाच शॉटवर काही सिद्ध होत नाही. २०० पीएसआयवर पीसीपी चालत नाही. दहा मीटरला एवढी ताकद हवी कशाला? घरगुती लेथवरचे उद्योग छापण्याआधी जरा अभ्यास करावा."

माझी चूक आधी कबूल करतो. टाकीतल्या हवेचा दाब २०० पीएसआय नव्हे, २०० बार. एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय, म्हणजे आकडा २,९०० च्या घरात जातो. टाइप करताना चुकलं, दुरुस्त केलं आहे. आपले आभार.

आता ‘घरगुती लेथ’.

साहेब, लेथ भोसरीत जुन्या मालात घेतला हे लेखात मीच सांगितलं होतं, आपण काही शोध लावलेला नाही. औंधच्या आयटीआयमधून टर्नर होऊन मी १९८३ साली चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला लागलो, आणि ३१ वर्षं तिथेच काढली. फोर जॉ चकमध्ये जॉब धरून, डायल गेज लावून ०.०१ मिलिमीटरवर आणणं हे मी रोज करत होतो, आणि त्याबद्दल कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लेथ घरात आहे म्हणून घरगुती होत नाही. घरात पापड होतात.

एक प्रसंग सांगतो. लागून चार-पाच वर्षं झाली असतील. नव्याने आलेल्या एका साहेबाने माझं बुश हातात घेतलं, गेज न लावता नुसतं बघितलं आणि रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकलं. का, तर माझ्या बाकावर तेल सांडलं होतं. संध्याकाळी इन्स्पेक्शनने तेच बुश मोजून पास केलं. साहेब त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. तुमच्या प्रतिक्रियेतला तो ‘जरा’ वाचला आणि मला तो ट्रे आठवला. नुसतं ‘अभ्यास करावा’ म्हणाला असतात तर मी हसून सोडून दिलं असतं. ‘जरा’ कशासाठी?

आणि अभ्यासाचंच म्हणाल तर ऐका. टाकीतली हवा व्हॉल्व्हला मागून दाबून बंद ठेवते. ट्रिगर ओढला की हॅमर त्याच्या दांडीवर आपटतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, हवेचा एक घोट नळीत जातो, आणि स्प्रिंग व दाब मिळून तो परत मिटतो. टाकी गच्च भरलेली असली तर हॅमरला तो पुरता उघडताच येत नाही, म्हणून पहिले छर्रे मंद जातात. दाब उतरला की वेग चढतो, फारच उतरला की पुन्हा पडतो. दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर नसलेली माझ्या बंदुकीसारखी बंदूक अशीच चालते. हे ज्याला कळतं त्याने पाच शॉट घेतले काय आणि पन्नास घेतले काय! टाकी ताजी भरून, मन लावून घेतले होते.

ताकद कशाला? दहा मीटरला नकोच. तिथे दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, आणि २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण मिळवलं ते काही ताकदीवर नाही. बालेवाडीच्या रेंजवर मीही उभा राहिलोय, मला हे शिकवू नका. पण मी आता सासवडला मेव्हण्याच्या शेतात, मातीच्या बांधासमोर डबे मांडतो, तीस मीटरवर. कायद्याचंही सांगून टाकतो, नाहीतर पुढची प्रतिक्रिया त्यावर येईल. आपल्याकडे एअरगनला .१७७ इंच बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूल ताकदीपर्यंत परवाना लागत नाही. ०.५३ ग्रॅमचा छर्रा १९५ ने जातो तेव्हा दहा जूल होतात. आधी सव्वासात होते. टाकीला मी हातही लावलेला नाही, आणि व्हॉल्व्हची मापं लेखात मुद्दाम दिली नव्हती, कारण २०० बारशी खेळायला कुणालाही बसवू नये. ही काळजी तुम्हाला दिसली नाही, पीएसआय मात्र दिसलं.

राहिली स्प्रिंग. जुनी मऊ पडली होती, म्हणून बदलली. बंदूक दोनदा कोण खोलत बसणार, दर वेळी ओ रिंगा नव्या घालाव्या लागतात. असो.

पुढच्या वेळी नाव लिहा. जुने नेमबाज पुण्यात मोजके आहेत, बहुतेक एकमेकांना ओळखतात, मला एक-दोन शंका आहेतच. जुनी स्प्रिंग मी टाकलेली नाही, डब्यात आहे. नव्या व्हॉल्व्हवर ती चढवून बघायला अर्धा तास लागेल, हे मलाही कळतं. पण तुम्ही सांगितलंत म्हणून मी ते करणार नाही.