तबला-सितार खुसरोच्या नावावर खपवू नका

परत तो फॉरवर्ड आला, तेराव्या-चौदाव्या शतकातला दिल्लीचा फारसी कवी अमीर खुसरो याने पखवाज मधोमध तोडून तबला केला, वीणेच्या तारा कमी करून सितार काढली, आणि अल्लाउद्दीन खिलजीच्या सिंहासनाखाली लपून देवगिरीच्या गोपाल नायकाचं गाणं ऐकलं नि मग त्याला हरवलं. मला खुसरो मनापासून आवडतो, म्हणूनच राहवत नाही.

तबल्याचं आधी घेऊ. खुसरो गेला 1325 ला आणि तबल्याची जोडी ठळक दिसायला लागते ती 18व्या शतकात, मधली चारशे वर्षं काय झालं मग? 'तब्ल' शब्द जुना आहे पण तो नगाऱ्यासारख्या वाद्यांसाठी. आणि चामड्याची वाद्यं शेजारी ठेवून वाजवायची कल्पना तर आपल्या भाज्याच्या, खुसरोच्या कितीतरी आधीच्या लेण्यात कोरलेली आहे, तो तबला नव्हे, पण त्यासाठी कोणाला पखवाज फोडायची गरज नव्हती एवढं तरी कळतं.

सितारही 18व्या शतकातल्या दिल्लीची. तिथे खुसरो खान नावाचा कलावंत होता, नावाच्या साम्यामुळे घोळ झाला असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा खुसरो स्वतःच. हा माणूस स्वतःबद्दल भरभरून लिहायचा, त्याच्या 'गुर्रत-उल-कमाल' या कवितासंग्रहाची प्रस्तावना बघा, 'एजाझ-ए-खुसरवी' या गद्य ग्रंथात तर वाद्यांवर, वादकांवर किती लिहिलंय, आणि त्यात सितार-तबला शोधल्याचा एक शब्द नाही. त्याने शोधलं असतं तर सांगितल्याशिवाय राहिला असता का?

गोपाल नायकाच्या हरण्याची गोष्ट येते मुघल सरदार फकीरुल्लाच्या 'राग दर्पण' या संगीतावरच्या ग्रंथामधे, 1666 साली, म्हणजे साडेतीनशे वर्षांनी. अल्लाउद्दीनच्या मोहिमा खुद्द खुसरोनेच लिहून ठेवल्यात, त्यात ही जुगलबंदी नाही. ज्या देवगिरीत शार्ङ्गदेवाने 'संगीत रत्नाकर' लिहिला तिथल्या गायकाची ओळख फक्त 'हरलेला' म्हणून करून द्यायची, हे मला फार लागतं.

खुसरोचं खरं मोठेपण हवं असेल तर त्याचं 1318 चं 'नुह सिपिहर' हे काव्य घ्या. बाप तुर्क, स्वतः सूफी संत निजामुद्दीन औलियांचा मुरीद म्हणजे शिष्य, आणि तरी फारसीत अख्खा भाग हिंदुस्थानच्या कौतुकाला दिलाय, इथले आकडे, बुद्धिबळ, पंचतंत्र, इथल्या वेगवेगळ्या भाषा. दुसरीकडे म्हणतो, मी हिंदचा पोपट, मला हिंदवीत, म्हणजे तेव्हाच्या इथल्या बोलीत विचारा. त्याच्या हिंदवी कविता त्याने दोस्तांना वाटून टाकल्या असं तोच लिहितो, आज त्याच्या नावाने फिरणाऱ्या पहेल्यांची, म्हणजे कोड्यांची त्याच्या काळातली एकही पोथी नाही.