अज्ञान की वेळेची अडचण?

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सेवाकार्यावरील एक लेख वाचला. त्यात, वस्तीतल्या बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीला ‘अज्ञानामुळे’ येत नाहीत, असे म्हटले आहे, ते पटले नाही. कळव्यात आमच्या चाळीतल्या शिबिराला सकाळी १० वाजता दोघीच आल्या, कारण बाकीच्या धुण्याभांड्यांच्या कामांवर गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पुढचे शिबिर रविवारी दुपारी ठेवले, खिडकीला जाड चादर बांधून घेतली, आणि रांग जिन्यापर्यंत गेली.

गर्भाशयमुखाला पातळ केलेले ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधले आम्ल) लावून मिनिटभर थांबायचे आणि संशयाची खूण म्हणून पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचे, एवढीच ती तपासणी, “एवढ्यासाठी मी दोन वर्षे टाळाटाळ केली होय!” असे आमच्या जाऊबाई बाहेर येताच म्हणाल्या. चट्टा दिसलेल्या बाईला पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात कोण घेऊन जाते, याविषयी मात्र लेखात चकार शब्द नाही.