आडातला बैल

शब्बाथ, म्हणजे देवाने नेमलेला विश्रांतीचा वार, पाळणं म्हणजे रविवारी आडवं पडणं, असा ज्यांचा समज आहे, त्यांनी खानदेशातल्या एखाद्या ख्रिस्ती घरात शनिवारी संध्याकाळी डोकावून यावं. त्यापेक्षा लग्नघर निवांत वाटेल.

माझं मत विचाराल तर विश्रांती रविवारी मोडतच नाही. ती शनिवारीच मोडलेली असते, रविवारी फक्त आवाज होतो. पीठ संपल्याचं रविवारी बारा वाजता कळतं, पण ते संपलेलं असतं शनिवारी सकाळीच. मग कुणीतरी डबा घेऊन चक्कीकडे पळतं आणि जाता जाता बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 14वा अध्याय ऐकवतं. शब्बाथ दिवशी बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच बाहेर काढणार नाही का, असा येशूने परूश्यांना, म्हणजे नियमाला कडक असलेल्या यहुदी धर्मपंथीयांना, केलेला सवाल त्यात आहे. आमच्या मंडळींनी या एका बैलाला जेवढं राबवलंय, तेवढं पेरणीतही कुणी राबवत नाही. दळण हा बैल, इस्त्री हा बैल, पोराचा सोमवारचा गृहपाठ हा तर खिल्लारी बैल! दर रविवारी आडात बैल पडतो, आणि नीट पाहिलं तर शनिवारी दुपारी त्याला आपणच ढकललेलं असतं.

तेव्हा कामाला शुक्रवारी लागायचं. दळण त्याच दिवशी आणायचं, कळण्याचं असेल तर चार भाग ज्वारीला एक भाग उडीद. शनिवारी दुपारपर्यंत इस्त्री, पेट्रोल, दानाचं पाकीट. उन्हाळ्यात कूलरची टाकी रात्रीच गच्च भरायची, नाहीतर प्रवचनापेक्षा बादल्यांच्याच खेपा जास्त होतात.

खरी परीक्षा स्वयंपाकाची. इस्राएल लोकांना रानात सहाव्या दिवशी मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून पाठवलेलं अन्न, माणशी दोन ओमर (त्यांचं एक माप) मिळायचा आणि दुसऱ्या दिवसाचा वाटा किडत नसे. ती सोय जळगाव-भुसावळात नाही. मे महिन्यात पारा 44 वर गेला की शनिवारी रात्रीचं वरण रविवारी दुपारी फेसाळतं. डाळ, भरीत, ओलं खोबरं घातलेलं काहीही आदल्या दिवशी करून ठेवू नये. भाकरी तर सकाळपर्यंत कौल होते. दशम्या कराव्यात. पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, पाण्याचा थेंब नको, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत. वाफ कोंडली की बुरशी आलीच. जोडीला शेंगदाण्याची कोरडी चटणी. ज्यांना गरमच लागतं त्यांनी दोन वाट्या तांदूळ, एक वाटी तूरडाळ कुकरला लावावी आणि वरून लसणाचं तेल घ्यावं. तीन शिट्ट्यांना मी काम धरत नाही. तीन भाज्यांना धरतो.

काही बैल मात्र खरेच पडतात, हे कबूल केलं पाहिजे. पहिला म्हणजे नळ. जिथे पाणी चार-आठ दिवसांनी येतं, तिथे ते रविवारी उपासनेची घंटा वाजतानाच येतं. ते भरावंच लागतं, पुढच्या आठवड्याची तहान शब्बाथ मानत नाही. पण तिथेही निम्मा घोळ आपलाच. मोटर घरघरते, पाणी चढत नाही, कारण आत हवा धरलीय. बूच उघडून तांब्याभर पाणी ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं, बूच घट्ट लावायचं आणि मगच बटण दाबायचं. हे शनिवारी करून पाहिलं तर रविवारी कोटाच्या बाह्या भिजत नाहीत.

दुसरा बैल कपाशीचा. इसवी सन 321 मध्ये कॉन्स्टन्टाइन बादशहाने रविवारची सुटी फर्मावली, तेव्हा शेतकऱ्यांना त्यातून वगळलं होतं. योग्य हंगाम हातचा जाऊ नये म्हणून. बोंडं फुटलेली, आभाळ भरलेलं आणि वेचणीला मजूर मिळाले तेही रविवारीच, अशा वेळी बादशहा आपला माणूस वाटतो.

तिसऱ्या बैलाबद्दल बोलायला धीर लागतो, कारण तो मंडळीचाच, म्हणजे आमच्या चर्चचाच आहे. सकाळी शब्बाथशाळा, मग उपासना, मग पंच कमिटी, दुपारी महिला मंडळ, चारला तरुण संघ, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा आणि पोहे. पाळकसाहेबांना विश्रांतीवर प्रवचन द्यायचं असतं आणि ते सांगताना त्यांचा घसा बसलेला असतो. त्यांना सोमवारी फोन करू नये, एवढं तरी पाळावं. भुसावळचे रेल्वेवाले यात शहाणे. त्यांना रेस्ट मंगळवारी मिळो की गुरुवारी, 'आज माझा रेस्ट आहे' म्हटलं की घरातलं मांजरही उठवत नाही.

सर्वांत अवघड दुपारचे दोन तास. मोबाइल धान्याच्या कोठीत, तोही बंद करून. नुसता आवाज घालवला तर गव्हातून थरथरतो. खाट ओसरीवर टाकायची नाही, आतल्या खोलीत टाकायची. ओसरीवर दिसलात की कुंपणापलीकडून विचारणा होतेच, 'काय करी राह्यना भो?' इथे खरं बोललात की संपलं. 'काही नही' या उत्तराचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही शेजारच्या कपाटाचं एक टोक धरून जिना चढत असता, आणि वरून आवाज येतो, 'भाऊ, जरा डावीकडे.'