बिबट्याला घाबरण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

घाबरायला पुरावा लागत नाही, क्लिप लागते. जुन्नरच्या उसातला बिबट्या मोबाईलवर आला की आधी पुढे ढकला. गाव कुठलं, साल कुठलं, असं विचारणाऱ्याला गावाचा वैरी समजा. मात्रा दिवसातून तीनदा, आवाज मोठा. किंकाळीशिवाय गुण येत नाही. जे चटकन आठवतं तेच वरचेवर घडतं, हा हिशेब डोकं आपोआप करतं. ट्वर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी 1973 सालीच ही खोड पकडली; आपण तिला अनुभव म्हणू.

आकडा टक्क्यांत सांगू नका. एका प्रयोगात ‘10,000 पैकी 1,286 मृत्यू’ हे ‘100 पैकी 24.14’ पेक्षा धोक्याचं वाटलं होतं. जवळपास निम्मा धोका, पण माणसं जास्त दिसली ना!

उसाला मात्र बोल लावायचा नाही. बिबटीण पिलं घालते ती उसातच, पण ऊस आपला लाडका, आणि लाडक्याचा धोका दिसत नसतो. पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांनंतर जुन्नरमध्येच माणसांवरचे हल्ले वाढले होते, तेही विसरा.

राहिली घोणस. भारतात 2000 ते 2019 मध्ये सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला 58,000 च्या आसपास. (बिबट्याही माणूस मारतो, नाही असं नाही, पण त्याचा आकडा या रांगेत उभाही राहत नाही.) तरी सापाच्या क्लिपला तो रुबाब नाही. तेव्हा रात्रीची लाईट आली की दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, खुशाल अनवाणी जा, बॅटरी घरी चार्जिंगला राहू द्या. पाचटात आधी हात, मग काठी. जमिनीवर झोपलात तर मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचू नका, मण्यारला वाट हवी. तिचा दंश फारसा दुखत नाही, झोपमोडही होत नाही. चावलं तर करकचून दोरी बांधा, ब्लेडने चिरा, देवर्षीकडे दोन तास बसा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं एकच प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं, पण तिथे किंकाळी नाही.

ग्रामसभेत पिंजऱ्याचा ठराव पहिला घ्या. गमबूट आणि बॅटऱ्या ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत’.