ल्युसिल बॉलची दाढ आणि कधीच न सापडलेले हेर

अमेरिकन चित्रपट आणि दूरचित्रवाणी अभिनेत्री ल्युसिल बॉल हिच्याविषयीचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: दुसऱ्या महायुद्धात तिच्या दाढांत भरलेल्या शिशाने रेडिओ लहरी पकडल्या, एका रात्री गाडीतून घरी जाताना तिला तोंडात टिंब-रेघांचे मोर्स संकेत ऐकू आले, तिने ते अधिकाऱ्यांना कळवले आणि एफबीआयने माळ्याच्या वेषात राहणाऱ्या जपानी हेरांचे गुप्त रेडिओ केंद्र उद्ध्वस्त केले. त्यापुढे असेही म्हटले आहे की, तीन कॅमेऱ्यांनी मालिका चित्रित करण्याची पद्धत तिने शोधून काढली, पडद्यावर गरोदर बाई प्रथम तिने दाखवली, स्टुडिओची मालक झालेली ती जगातील पहिली स्त्री होती आणि ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळ-मालिका तिनेच निर्माण केली.

असले मजकूर मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. परंतु निवृत्त शिक्षिका असलेल्या माझ्या मावशीने तो शिकवणीच्या मुलांना प्रसंगावधानाचा नमुना म्हणून वाचून दाखवला आणि शंका विचारणाऱ्या एका मुलीला ‘छापून आले आहे’ असे सांगून गप्प बसवले, तेव्हा गप्प राहणे मला अशक्य झाले.

आधी दाढेचे पाहू. दातात शिसे भरत नाहीत; पारा, चांदी, कथील आणि तांबे यांचे मिश्रण भरतात, आणि म्हणूनच आपल्याकडे ‘चांदी भरली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. रेडिओ लहरीतून आवाज वेगळा काढायचा तर वीज एकाच दिशेने जाऊ देणारा सांधा लागतो, लहर गोळा करायला बरीच लांब तार लागते आणि शेवटी विजेचे आवाजात रूपांतर करणारे काहीतरी लागते. जुन्या क्रिस्टल रेडिओत गॅलेनाच्या खड्यावर बारीक तार टेकवून पहिले काम साधत असे, दुसऱ्यासाठी छपरावर एरियल ताणावी लागे आणि तिसऱ्यासाठी हेडफोन कानाला लावावा लागे; एवढे करूनही आवाज क्षीणच येई. प्रचंड शक्तीच्या प्रक्षेपण मनोऱ्याच्या अगदी लगत गंजलेल्या धातूच्या सांध्यांतून कार्यक्रम ऐकू येऊ शकतो, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. त्यामुळे तिला कधी दातात संगीताचा भास झाला असेल, तर त्यावर मी वाद घालणार नाही.

मोर्सची गोष्ट मात्र निराळी आहे. हेराचे छोटे यंत्र आवाज पाठवत नाही, ते नुसती लहर चालू-बंद करते. त्या लहरीवर कोणताही सूर चढवलेला नसतो; चित्रपटांतून आपल्या कानांवर पडणारा तो ‘डिट-डा’ सूर संदेश पकडणाऱ्या ग्राहक यंत्रात दुसरी लहर मिसळून तयार करावा लागतो. साध्या क्रिस्टल रेडिओवरही अशा संदेशाची फार तर अस्पष्ट टिकटिक ऐकू येते. तेव्हा ही दाढ केवळ रेडिओ नव्हे, तर पुरते सुसज्ज लष्करी ग्राहक यंत्र असली पाहिजे!

इथवरचे हसून सोडून देता आले असते. जे सोडून देता येत नाही ते जपानी माळी. ही घटना ती एमजीएम या चित्रपट कंपनीत काम करत असताना घडल्याचे सांगितले जाते, आणि एमजीएमशी तिचा करार झाला १९४२ च्या ऑगस्टमध्ये. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला होता आणि त्यानुसार पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरे, दुकाने, शेते सोडून काटेरी तारांच्या आड जावे लागले. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. लॉस एंजेलिसच्या अनेक कुटुंबांना प्रथम सांता अनिताच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नेण्यात आले. तेथील तबेल्यांत, जिथे काही दिवसांपूर्वी घोडे बांधलेले असत आणि ज्यांचा वास घाईघाईने दिलेल्या रंगाखालूनही जात नव्हता, आईबाप आणि मुले गवत भरलेल्या गाद्यांवर महिनोन्महिने झोपली. ज्या काळात ल्युसिल बॉलच्या दाढेने जपानी माळी पकडून दिला म्हणतात, त्या काळात लॉस एंजेलिसचे जपानी माळी एकतर तबेल्यांत होते, नाहीतर मॅन्झनारसारख्या वाळवंटी छावण्यांत. मग बागेत यंत्र घेऊन बसला होता तो कोण?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी एकाच कागदपत्राचा आधार घेतो, कारण तो पुरेसा आहे. अमेरिकन काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने या स्थानबद्धतेची चौकशी करून १९८३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या एकाही नागरिकाने किंवा तेथे राहणाऱ्या एकाही जपानी परदेशीयाने हेरगिरी अथवा घातपात केल्याची एकही नोंद सापडत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि या स्थानबद्धतेमागे लष्करी गरज नव्हती, तर वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश होते, असा निष्कर्ष काढला आहे. किनाऱ्यावरून शत्रूच्या जहाजांना रेडिओ संदेश जातात, हा आरोप तर पश्चिम किनाऱ्याचे लष्करी प्रमुख जनरल डेविट यांनी स्थानबद्धतेच्या समर्थनार्थ अधिकृतपणे केला होता. रेडिओ लहरींवर पाळत ठेवणाऱ्या सरकारी दळणवळण आयोगाने मात्र तसे संदेश आढळले नसल्याचे त्याच काळात सांगितले होते. स्थानबद्धतेचा आदेश मोडल्याबद्दल दोषी ठरलेल्या फ्रेड कोरेमात्सू यांची शिक्षा १९८३ मध्ये रद्द झाली, तिच्यामागे सरकारने न्यायालयापासून दडवलेली हीच माहिती होती. १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक स्थानबद्धाला २०,००० डॉलर भरपाई देऊ केली. एका देशाने कायदा करून मागे घेतलेला आरोप आपण गंमत म्हणून मुलांना वाचून दाखवत आहोत.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ही कथा स्वतः रचलेली नाही, हे नाइलाजाने कबूल केले पाहिजे. ती स्वतः ल्युसिल बॉलनेच अनेक वर्षांनंतर मुलाखतींत आणि गप्पांत सांगितलेली आहे. परंतु जन्मभर किस्से रंगवून पोट भरलेल्या विनोदी नटीने सांगितले म्हणजे घडले, असे धरायचे असेल तर इतिहासाची पुस्तके बंदच करावी लागतील. शिवाय संशयाचा अर्थ तिला स्वतःला चांगला कळलेला होता. १९३६ मध्ये तिने मतदार नोंदणीत कम्युनिस्ट पक्षाचे नाव दिले होते, आणि त्यावरून सप्टेंबर १९५३ मध्ये तिला कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या काँग्रेसच्या समितीच्या तपासनीसापुढे बसून, समाजवादी विचारांच्या आजोबांचे मन राखण्यासाठी आपण तसे केले, असा खुलासा करावा लागला. तिचे म्हणणे मान्य झाले आणि तिची ‘आय लव्ह लूसी’ ही दूरचित्रवाणी मालिका चालू राहिली. तबेल्यात राहिलेल्यांचे म्हणणे ऐकायला कोणी बसलेच नव्हते.

बाकीचे मुद्दे थोडक्यात निकालात काढता येतील. १९५१ साली सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’पूर्वीही एकाहून अधिक कॅमेऱ्यांनी चित्रीकरण होत होते, प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे एकाच वेळी चालवताना प्रकाशयोजना सतत बदलावी लागू नये, ही करामत छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांची होती. चित्रफितींची मालकी मिळावी म्हणून आठवड्याला १,००० डॉलर कमी घेण्याचा तिचा पती देसी आर्नाझ याचा सौदा त्याहून अधिक दूरदृष्टीचा होता, पण मजकुरात देसीचे नावही नाही. गरोदर अभिनेत्रीचे म्हणाल, तर १९४८ मध्येच ‘मेरी के अँड जॉनी’ या अमेरिकन मालिकेत ते दाखवून झाले होते. ल्युसिलचे बाळंतपण गाजले, ते १९ जानेवारी १९५३ रोजी मालिकेतील मूल आणि तिचा खरा मुलगा एकाच दिवशी जन्मल्यामुळे.

स्टुडिओची पहिली मालकीण हाही दावा टिकत नाही, कारण आलिस गी-ब्लाशे यांनी १९१० मध्ये अमेरिकेत स्वतःची चित्रपट कंपनी काढली होती आणि १९१९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सच्या संस्थापकांत मेरी पिकफर्ड होत्या. १९६२ मध्ये देसीचा हिस्सा विकत घेऊन ल्युसिलने दोघांची डेसिलू ही कंपनी एकटीने चालवली, आणि त्या काळात दूरचित्रवाणीच्या एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखपदी दुसरी स्त्री नव्हती, एवढे खरे आहे. ‘स्टार ट्रेक’ची कल्पना जीन रॉडनबेरी यांची, पैसा आणि स्टुडिओ डेसिलूचा. एनबीसी वाहिनीने पहिला नमुना-भाग नाकारला, तरी दुसरा काढण्याइतका धीर कंपनीने दाखवला, आणि त्याचे श्रेय प्रमुख म्हणून तिला द्यायला माझी हरकत नाही. मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिने कंपनी पॅरामाउंटची मालक असलेल्या गल्फ अँड वेस्टर्नला विकली, आणि मालिकेचे तिसरे वर्ष काढले ते पॅरामाउंटने.