मेल उघडला म्हणजे वाचला असं नाही
नवा लेख आल्याची सूचना वाचकांना मेलने कशी द्यावी, यावरच्या तुमच्या लेखातलं ‘मेल उघडणारे वाढले की सूचना जमली’ हे म्हणणं पटलं नाही. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय चालू असली, की न वाचलेला मेलही उघडल्यात मोजला जातो. लिंकवर किती जण गेले ते बघा. आमच्या नाशिकच्या द्राक्षवाल्याला ‘नवा लेख आला आहे’ एवढंच कळवलंत तर तो कशाला येईल? ‘ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस : डाउनीसाठी आधी काय बघाल’ असं मेलच्या शीर्षकात लिहा (डाउनी म्हणजे द्राक्षावरचा एक रोग), बागेत उभ्या उभ्या वाचेल. कामाचे शब्द शीर्षकाच्या सुरुवातीला, मोबाईलवर त्याचा पुढचा भाग कापला जातो. (शीर्षकात तीन-तीन उद्गारचिन्हं कोण शिकवतं, देव जाणे.) आणि मेल बंद करायची लिंक लपवू नका, सापडली नाही की लोक सरळ स्पॅम दाबतात.