अठरा गिअर आणि रिव्हर्स नाही

दुकानाचं नाव सांगत नाही, कारण माझी सायकल अजून तिथंच टांगलेली आहे आणि मला ती धडधाकट परत हवी आहे.

काम साधं होतं. रोडबाईकला हलकी चाकं टाकायची आणि मागची ११-२८ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा जुडगा, काढून ११-३४ ची बसवायची. आकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांचे. सायकलवर चिखलदरा गाठायचं डोक्यात आहे. विदर्भात थंड हवेचं ठिकाण म्हणून ते एकच, आणि तेही हजार मीटरच्या वर जाऊन बसलेलं. नागपूरकराला चढाचा सराव कुठून असणार? आमच्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स. तो सुरू झाला हे पायांना कळेपर्यंत संपतो.

मेकॅनिक पोरगा चाक उतरवत होता. बाजूच्या स्टुलावर नातवाच्या तीनचाकीचं पायडल बसवून घ्यायला आलेले एक काका होते. तोंडात खर्रा. खर्रा भरलेला माणूस सहसा बोलत नाही, भुवयांवर भागवतो. हे काका मात्र खास माझ्यासाठी उठले, बाहेर जाऊन तोंड रिकामं करून आले आणि स्टूल माझ्याकडे ओढून बसले.

"किती गिअर हायेत?"

"अठरा. पुढं दोन, मागं नऊ."

"अन् रिव्हर्स?"

"सायकलला रिव्हर्स नसतो, काका."

"अठरा गिअर अन् एकबी रिव्हर्स नाही?" त्यांनी दुकानभर नजर फिरवली, कोणीतरी तक्रार नोंदवून घ्यावी तशी.

काका एसटीतले रिटायर्ड ड्रायव्हर निघाले. परतवाडा-धारणी लाईन. पाच-सहा गिअरांत गाडीभर माणसं, टपावर कोणाच्या लग्नाची आलमारी, असं सगळं त्यांनी मेळघाटातून सुखरूप नेलं-आणलं. समोरून ट्रक आला की वळणावर गाडी मागं घ्यावी लागे, आणि तिथं ड्रायव्हरची जात कळे, म्हणे. अशा माणसापुढं अठरा गिअरांची बढाई मारायची सोय नव्हती.

"हे येवढं मोठं चक्कर कायले लावून राह्यले?"

मी समजावलं. पुढची लहान चकती ३४ दात्यांची. मागं २८ दाते असले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर जाते. मागंही ३४ केले की जेमतेम दोन मीटरच्या वर. पण जोर कमी लागतो. गुडघे वाचतात.

"म्हंजे हळू जाते."

"चढावर, हो."

"अन् हे चाकं?"

"ती हलकी आहेत. वेग पटकन घेता येतो."

काकांनी डोळे मिटले. बहुतेक हिशेब चालला होता. "म्हंजे गिअर हळू जायाले अन् चाकं जोरात जायाले. दोन्हीचे पैसे देल्ले. मंग भाऊ, दोन्ही नसतं घेतलं तं तेवढ्याच स्पीडनं गेले असते ना!"

पोराच्या हातातला पाना पडला, इतका तो हसला. हसावं माणसानं, पण मजुरी ज्याच्याकडून घ्यायची त्याच्या तोंडावर? मी म्हटलं, काका, चारशे ग्रॅम वजन कमी झालंय. त्यावर ते फक्त "चारशे" म्हणाले आणि माझ्या पोटाकडं पाहून चूप बसले. बोलले असते तरी परवडलं असतं.

तेवढ्यात पोरगा म्हणाला, "सर, कॅसेट हलून राह्यली."

सायकलचे गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीनं २०१२ साली रोडबाईकला मागं ११ गिअर दिले, तेव्हा कॅसेट ज्यावर सरकवतात तो हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, भाग १.८५ मिलिमीटरनं वाढला. माझी नवी चाकं त्या मापाची, कॅसेट नऊची. अशा वेळी कॅसेटच्या मागं तेवढ्याच जाडीची रिंग घालावी लागते. अशी रिंग बहुतेकदा चाकाच्या खोक्यातच येते. माझ्या खोक्यात होती की नाही हे खोका फेकणाऱ्यालाच माहीत, आणि खोका दुकानानं फेकला होता.

"पुण्याहून मंगवा लागते, सर."

"वायसर?" काका उठलेच. "वायसर पुण्याहून? आपल्या इतवारीत लोहा ओळीत बोरे भरून पडले हायेत!"

मी पुन्हा समजावलं की साधं वायसर चालत नाही, १.८५ म्हणजे १.८५. पण मनातून मला काकांचंच पटत होतं. झिरो माईलचा खांब आमच्या गावात, देशाच्या मधोमध असल्याचा केवढा अभिमान आम्हाला! मधोमध म्हणजे काय, तर कुठल्याही मालापासून सारखंच लांब. हजारोंची चाकं घरबसल्या मिळतात आणि त्यातली टिकलीएवढी जाड रिंग मिळत नाही. बरं, बिल तर रिंगेसाठी थांबलं नाही. 'चाक व कॅसेट फिटिंग' अशी ओळ होती, पूर्ण रकमेची. फिट काय झालं, विचारलं. तर म्हणे काढायचीही मेहनत असते. चेन लांब करायचे पैसे वेगळे. मी दिले. न देऊन करतो काय, सायकल त्यांच्या हुकाला लटकलेली.

आता रोज फोन करतो. रिंग 'निघालेली' असते, फक्त कुठून निघाली ते कोणी सांगत नाही. काल पोरगा स्वतःहून बोलला, आवाजात भलताच उत्साह.

"सर, काका आल्ते. डेपोतले दोघंजण घेऊन आल्ते सोबत."

"कशाला?"

"तुमची गाडी दाखवाले. रिव्हर्स नाही म्हून."